पिळाचं विमान

रबरावर उडणाऱ्या विमानाला रिमोट नसतो, हे आजकालच्या मुलांना पटवणं अवघड असतं. माळावर विमान हातात धरून कुणी उभं राहिलं की शेजारचं क्रिकेट थांबतं, फिल्डिंगवाले भोवती गोळा होतात आणि पहिला प्रश्न येतो, "काका, रिमोट कुठाय?" नाही म्हटलं की सगळ्यांची नजर खिशाकडे. म्हणजे मोबाइलवर असणार. तेही नाही म्हटलं की, "मग बॅटरी?" बॅटरीही नाही. बाल्साच्या काड्या, झिरझिरीत कागद आणि पोटात एक रबर. रबराला पीळ द्यायचा आणि सोडायचं. मुलं जरा विचारात पडतात. मग त्यांतला एखादा, बहुधा विकेटकीपर, नेमक्या जागी बोट ठेवतो: "मग ते परत कसं येतं?"

येत नाही. म्हणजे येतं कधीकधी, पण ते त्याच्या मर्जीने. या छंदातली सगळी गंमत आणि सगळी चिडचिड इथेच आहे. लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालणारा ड्रोन कितीही उंच गेला तरी फोटोग्राफरच्या अंगठ्याखालीच असतो. रबराच्या विमानाला मात्र जे काही सांगायचं ते आधी सांगून ठेवावं लागतं. डावीकडे वळ, नाक फार वर करू नकोस, जोर संपला तरी घाईने खाली येऊ नकोस. या सूचना पंखाच्या कोनात, शेपटीला दिलेल्या किंचित मुरडीत, नाकावर चिकटवलेल्या मातीच्या गोळीत घालून ठेवायच्या. एकदा हात सुटला की एक शब्द बोलायची सोय नाही. आमची पिढी गाडी सुटल्यावरही फलाटावरून खिडकीबरोबर पळत "मधल्या स्टेशनवर उतरू नकोस" असं ओरडणारी. आम्हाला हे फार जड जातं.

विमानाच्या अंगातच सूचना घालून ठेवण्याची युक्ती आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने जगाला करून दाखवली. वडील आरमारात अ‍ॅडमिरल. मुलानेही समुद्रावरच जायचं, पण खुब्याच्या आजाराने ते दार बंद झालं. मग त्याने आकाशाकडे लक्ष वळवलं. १८७० साली, विशीतच, त्याने रबराच्या पिळावर उडणारं छोटं हेलिकॉप्टर केलं. त्याच्या आधी हौशी मंडळींनी घड्याळाच्या स्प्रिंगा वापरून पाहिल्या होत्या, वाफेची इंजिनंही वापरून पाहिली होती. पण वजनाच्या मानाने रबर जेवढा जोर पोटात साठवतं तेवढा पोलादी स्प्रिंगला साठवता येत नाही. आणि ते नुसतं ताणण्याऐवजी पिळलं, तर सुटताना थेट प्रोपेलरच फिरवतं. मध्ये दातेरी चाकं नकोत, वजन नको, भानगड नको.

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पेनो आपलं विमान घेऊन पॅरिसच्या तुइलरी बागेत गेला. तो काळ डोळ्यांसमोर आणून पाहा. आदल्या हिवाळ्यात जर्मन सैन्याच्या वेढ्यात पॅरिस उपाशी राहिलेलं. मे महिन्यात कम्यून नावाच्या उठावाच्या धुमाळीत बागेशेजारचा तुइलरी राजवाडा जळून गेलेला, त्याच्या काळवंडलेल्या भिंती तशाच उभ्या. अशा ठिकाणी वैमानिकी संस्थेचे प्रतिष्ठित सभासद एका एकवीस वर्षांच्या मुलाचं खेळणं बघायला जमले. पंखांची लांबी ४५ सेंटिमीटर, प्रोपेलर मागे. त्याने पीळ दिला आणि सोडलं. विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. चाळीस मीटर म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मंगल कार्यालयाची लांबी. पण आपलं आपण तोल सांभाळत गेलेलं ते पहिलं विमान मानतात.

त्यातली मेख शेपटीत होती. पेनोने शेपटीची पुढची कड पंखाच्या मानाने जराशी खाली कललेली ठेवली होती. नाक खाली गेलं की वेग वाढतो, वेग वाढला की हवा शेपटीला खाली दाबते, शेपूट खाली गेली की नाक आपोआप वर येतं. पंखांची टोकंही त्याने वर वळवली होती, म्हणजे एका अंगाला कललं तरी विमान सावरावं. आत वैमानिक नाही, बाहेर दोरी नाही, सगळी समजूत आधीच घालून ठेवलेली. पुढे १८७६ मध्ये त्याने एका कारागिराच्या मदतीने माणसं बसतील अशा विमानाचं पेटंट घेतलं. पाण्यावरूनही उडेल, चाकं पोटात ओढून घेता येतील, हाताशी एकच दांडा. कागदावर हे सगळं होतं, पैसे मात्र कुणी दिले नाहीत. १८८० मध्ये, तिशीत, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. विमानाच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं त्याला दोन-तीन पानांत गुंडाळतात. मला त्याला आणखी पानं द्यावीशी वाटतात, पण या निबंधालाही मर्यादा आहेत.

पेनोच्या धर्तीचं खेळण्यातलं हेलिकॉप्टर १८७८ मध्ये अमेरिकेत एका बिशपने आपल्या मुलांसाठी घरी नेलं. बांबू, बूच, कागद आणि रबर. मुलांची नावं विल्बर आणि ऑर्विल राइट, वयं अकरा आणि सात. दोघांनी ते उडवून उडवून मोडलं. मग तसंच, पण मोठं करायला घेतलं. जितकं मोठं केलं तितकं वाईट उडालं, कारण आकार दुप्पट केला तर जोर आठपट लागतो, हे त्या वयात कुणी सांगणारं नव्हतं. आणि तिकडे जपानमध्ये, राइट बंधूंच्या उड्डाणाच्या बारा वर्षं आधी, निनोमिया चुहाची या लष्करातल्या तरुणाने कावळ्यांचं तरंगणं बघून कावळ्याच्याच आकाराचं रबरी विमान केलं आणि २९ एप्रिल १८९१ रोजी मारुगामेत उडवलं. रबर कुठून आणलं? स्टेथोस्कोपच्या नळीतून. एखाद्या डॉक्टरचा स्टेथोस्कोप त्या आठवड्यात सापडत नसेल, तर कारण आता कळलं. पुढे मोठ्या विमानासाठी त्याने लष्कराकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. मग त्याने १९१५ मध्ये विमानांसाठी चक्क एक मंदिर बांधलं. ते अजून आहे.

विमान बांधायला लागणारं बाल्साचं लाकूड मुख्यतः इक्वाडोरहून येतं. झाड पाच-सात वर्षांत तोडायला होतं. निवडक हलका बाल्सा पाण्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका भरतो. हातात घेतला की कुणीतरी आपल्याला फसवतंय असं वाटतं. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबात हा आपल्या काटेसावरीचा भाऊबंद. दोघांच्याही बोंडांत कापूस. बाल्सा आपल्याकडे मिळतो, पण भाव ऐकला की घरातल्या आकाशकंदिलाच्या कामट्या आठवतात. आणि खरं सांगायचं तर कामट्यांनी काही अडत नाही. दिवाळीआधी अंगणात बसून बांबू तासणारे, खळ लावून पतंगाचा कागद ताणून बसवणारे हात ज्या घरात आहेत, तिथे विमानाचं निम्मं काम येतंच. फरक एवढाच की कंदील जड झाला तर खिळा मोठा मारता येतो.

विमान जड झालं तर काहीच करता येत नाही. म्हणून या छंदातली माणसं वजनाच्या बाबतीत भ्रमिष्ट होतात. गोंदाचा थेंब टोकदार काडीने लावतात. सँडपेपरने घासून काडीची अर्धी जाडी धुळीत मिळवतात आणि तीच धूळ बघून खूश होतात. कागद चिकटवला की त्यावर पाण्याचा फवारा, वाळताना तो ढोलासारखा ताणला जातो, मग डोप नावाच्या पातळ वार्निशचा एक हात. दुसरा नको, दुसऱ्याने वजन वाढतं. घरभर त्याचा, पिकलेल्या केळ्यांसारखा वास. नीट वजन करायचं तर स्वयंपाकघरातला काटा कामाचा नाही, सोनाराकडेच जावं लागतं. मी पंख घेऊन गेलो तेव्हा पेढीवर मंगळसूत्राचं गिऱ्हाईक होतं. सोनारकाकांनी चष्मा वर करून पंखाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पंख अलगद काट्यावर ठेवला आणि सवयीने विचारलं, "घट किती धरू?"

या भ्रमिष्टपणाचा कळस बंद जागेत उडवायच्या विमानांत दिसतो. जागतिक स्पर्धांच्या एफ-वन-डी या गटात पंखांची लांबी ५५ सेंटिमीटरपर्यंत चालते आणि रबराशिवाय विमानाचं किमान वजन १.४ ग्रॅम. एक रुपयाचं नाणं याच्या दुपटीहून जड असतं. रबर फक्त ०.४ ग्रॅम. एवढ्यावर ही विमानं वीस मिनिटांहून जास्त उडतात. त्यांचा वेग माणसाच्या चालण्याहून कमी. देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्या आजीच्या चालीने, कुणाला न ढकलता, ती गोल गोल फिरत वर जातात. वाऱ्याची झुळूक अजिबात नको, म्हणून रुमानियातल्या स्लानिक इथे मिठाच्या खाणीत स्पर्धा भरल्या आहेत. जमिनीखाली दोनशे मीटर, मिठाच्या भिंती, पन्नास मीटरहून उंच दालनं. जगभरचे शहाणे इंजिनिअर तिथे स्वेटर घालून माना वर करून बसतात. विमान भिंतीकडे सरकलं तर दोरीला बांधलेल्या फुग्याने त्याला हळूच ढोसायची परवानगी असते. रिमोटच्या जवळपास जाणारी एवढीच गोष्ट या छंदात आहे, आणि तिला फुगा म्हणतात.

आमच्याकडे मिठाची खाण नाही, दिवाणखाना आहे. तिथे उडवायचं तर पंखा बंद करावा लागतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत घरातल्या माणसांचं सौजन्य पंख्याच्या वेगाशी निगडित असतं. विमान छताखाली फेऱ्या मारतंय, मी घड्याळ बघतोय आणि कोचावर बसलेली सौभाग्यवती पदराने वारा घेत म्हणते, "अहो, अजून किती?" पदर हलवू नकोस, विमान डगमगतं, असं म्हणायचं धैर्य मला होत नाही. जगात इतर कुठल्याही खेळात घरचे प्रेक्षक आपल्या माणसाचा विक्रम लवकर आटपावा म्हणून देवाला साकडं घालत नसतील.

आता रबराविषयी. लाकूड, कागद, प्रोपेलर ही सगळी वऱ्हाडी मंडळी. नवरदेव रबर. भाजीच्या पिशवीचं किंवा नोटांच्या बंडलाचं रबर चालत नाही, असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत, पण सुरुवातीला ते चालतं. पुढे माणूस बिघडतो. पट्टीचं रबर मागवायला लागतो, त्याची पूड धुऊन काढतो, अंधाऱ्या गार जागी बरणीत ठेवतो. उन्हाने रबर म्हातारं होतं. अमेरिकेत 'टॅन टू' नावाचं रबर मिळायचं. त्याच्या मे १९९९ च्या घाण्याबद्दल जुनी मंडळी अजून आवाज खाली आणून बोलतात, आणि ज्याच्याकडे त्यातलं चार हात शिल्लक आहे तो ते सहसा कुणाला सांगत नाही.

रबराला तेल लावावं लागतं, नाहीतर पिळताना पदर एकमेकांवर घासून तुटतात. आता सिलिकॉनची तेलं आली, पण पिढ्यान्पिढ्या वापरलं गेलं ते एरंडेल. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी नाक दाबून पाजलेलं तेच. मी रबराच्या लडीला एरंडेल चोळत बसलेलो असताना घरातून शेरा आला, "स्वतःच्या डोक्याला कधी एवढं तेल लावलं नाहीत." या एरंडेलाला विमानविद्येत मोठा मान आहे. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या इंजिनांना वंगण म्हणून तेच घालत. ते धुराबरोबर वैमानिकाच्या तोंडावर उडे आणि त्याच्या पोटावर व्हायचा तो परिणाम होई, असं सांगतात. इंग्लंडात कॅस्ट्रॉल तेलाचा धंदा करणारे सर चार्ल्स वेकफिल्ड हे लंडनचे लॉर्ड मेयरही होऊन गेले. त्यांच्या तेलातही सुरुवातीला एरंडेल असे. याच गृहस्थांनी १९२८ मध्ये रबरी विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी चषक दिला. वेकफिल्ड चषक तेव्हापासून या जगातला सर्वांत मानाचा. जुन्या काळी दूर देशांतले स्पर्धक स्वतः येऊ शकत नसत; ते आपलं विमान बोटीने पाठवून द्यायचे आणि तिथला कुणीतरी परका माणूस ते त्यांच्या वतीने उडवायचा. न्यूझीलंडमध्ये बसलेल्या माणसाने आपलं विमान इंग्लंडात अनोळखी हातांत द्यायचं आणि निकालाच्या पत्राची वाट बघायची. रिमोट नसण्याची याहून पुढची पायरी मला सुचत नाही.

या स्पर्धेत रबरावर आधी बंधनच नव्हतं. मग विमानं इतकी उडू लागली की नियम करणारे दर काही वर्षांनी रबर कापत गेले. आता ३० ग्रॅमच चालतं, आणि रबर सोडून विमानाचं वजन निदान २०० ग्रॅम लागतं. नियम कडक झाले की लोक हुशार होतात, एवढंच त्यातून निष्पन्न झालं.

पीळ देणं हे दोघांचं काम. एकाने विमान धरायचं, दुसऱ्याने रबराला चार-पाच पट ताणून दूर जायचं आणि हाताच्या ड्रिलने पीळ देत देत हळूहळू जवळ यायचं. आधी साधा पीळ पडतो, मग पिळावर गाठी, मग गाठींवर गाठी. धरणाऱ्याने गप्प राहायचं असतं. तरी तो विचारतो, "बास का?" रबर तुटलं तर आवाज मोठा होतो आणि विमानाच्या पोटातून तुटलं तर पोट उरत नाही. म्हणून धरणारा शक्यतो असा निवडावा की ज्याच्याशी आपले संबंध जुने आहेत.

आणि रबराचा स्वभाव असा की सगळा पराक्रम पहिल्या काही सेकंदांत. सुटल्याबरोबर ते विमानाला उभं आकाशात ओढतं, मग बराच वेळ शहाण्यासारखं चालतं, शेवटी कंटाळतं. त्या पहिल्या उसळीला आवर घालायला नाकाशी पातळ पाचर मारतात. प्रोपेलर जरासा खाली आणि उजवीकडे बघेल असा. पाचर जरा कमी पडली तर विमान वर जाऊन पाठीवर पडतं, जास्त झाली तर उंचीच घेत नाही. कागदाच्या जाडीएवढा फरक. माळावर फिरायला आलेले सगळे निवृत्त गृहस्थ या बाबतीत तज्ज्ञ असतात. "शेपूट जड आहे," एक म्हणतात. "शेपूट नाही हो, वारा उलटा आहे." तिसऱ्यांचा पुतण्या एअर इंडियात होता. मी सगळ्यांचं ऐकतो, कारण त्यांतल्या एखाद्याचं बरोबर निघतं आणि ते कोण हे आधी कळत नाही.

सकाळी ऊन चढलं की खरी परीक्षा. जमीन तापते, कुठे लवकर, कुठे उशिरा, आणि तापलेल्या हवेचा बुडबुडा वर सुटतो. हा उष्ण झोत डोळ्यांना दिसत नाही, पण घारींना कळतो. त्या पंख न हलवता गोल फिरत वर चालल्या असतील तिथे विमान सोडावं. झोत ओळखायला परदेशात पाणकणसाचा कापूस उधळतात. आपल्याकडे रुईची म्हातारी पुरते. झोतात सापडलेलं विमान मग उतरायचं नावच घेत नाही. रबर केव्हाच संपलेलं असतं, प्रोपेलर नुसता फिरतो आणि विमान ठिपका होईपर्यंत वर जातं. म्हणजे बघा, वाईट बांधलेलं विमान पायाशी पडतं आणि संध्याकाळी घरी असतं. जितकं मन लावून बांधाल तितकी ते हरवण्याची शक्यता जास्त.

यावर उपाय म्हणून या मंडळींनी विमान पाडायचं यंत्र शोधून काढलं. त्याचं नाव डीथर्मलायझर. ठरलेल्या वेळी शेपूट चटकन वर उडते, विमान उडायचं विसरतं आणि सपाट, पोटावर खाली येतं. स्पर्धेत बहुधा तीन मिनिटंच मोजतात, त्यापुढचं उड्डाण हिशोबात नाही. म्हणून तीन मिनिटं झाली की पाडलेलं बरं. आता त्याला टायमर असतात, पूर्वी जळती वात असे. वात जळत जळत एका बारीक रबराशी पोचली की ते तुटायचं आणि शेपूट सुटायची. मी उदबत्तीचा तुकडा लावतो, तोही गवत हिरवं असेल तेव्हाच. वात विझली की मग देवाचीच मर्जी. अमेरिकेतल्या फ्लाइंग एसेस क्लबवाल्यांनी तर त्यासाठी एक स्वतंत्र देवच नेमून टाकला आहे. त्याचं नाव हंग, खातं उष्ण झोतांचं. तो चांगली विमानं स्वतःसाठी घेऊन जातो आणि ज्याचं नेलं त्याने ती कृपा समजायची. नवसाला न पावणारा देव मी पहिल्यांदाच ऐकला. याला पावू नये म्हणून नवस करावा लागत असावा.

तरी पंखाखाली फोन नंबर लिहून ठेवतात. मीही लिहितो. आमच्या माळाच्या पलीकडे मैलोन्‌मैल ऊस आहे. हंगने नेलेल्या एका विमानाचा मी नाद सोडला होता. एका दुपारी फोन आला.

"हॅलो, त्ये इमान तुमचंच का?"

"हो, हो! कुठं सापडलं?"

"आमच्या बांधावर, लिंबाच्या शेंड्याला अडकलं हुतं. पोरांनी काढलं. कागूद जरा फाटला हुता, नातीनं चिकटपट्टी लावलीया."

"फार उपकार झाले. मी आत्ताच निघतो घ्यायला."

"आता कशाला येताय? तिनं सकाळच्या पारी बोटानं पीळ दिला न् सोडलं की. लई झ्याक गेलं बघा. ओढ्यापल्याड पाटलांच्या वावरात उतारलंय. त्यांचा नंबर सांगतो, घ्या लिहून."